करांडे सरांचा कस

करांडे सरांबद्दल चांगलं बोलणारा माणूस आमच्या कॉलेजात मला कधी भेटला नाही, आणि तो पहिला माणूस होण्याची मलाही हौस नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले. पेढे त्यांनी आणलेले नव्हते. निरोप समारंभाची सूचना फळ्यावर लागली होती : 'सर्वांचे लाडके प्राध्यापक करांडे सर यांना निरोप.' त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, 'लाडके' या शब्दाखाली रेघ ओढली, शेजारी 'कशावरून?' असं लिहिलं आणि दप्तर उचलून चालते झाले. समारंभ त्यांच्याशिवाय झाला. तो छान झाला, असं सगळ्यांचं मत पडलं.

'कशावरून?' हा त्यांचा शब्द होता. शिपाई सहज म्हणाला, "सर, आज पाऊस येणार," की हे, "कशावरून?" प्राचार्य एकदा सभेत म्हणाले, "करांडे, तुमच्याविषयी मला नितांत आदर आहे." सगळ्यांदेखत यांनी विचारलं, "कशावरून?" प्राचार्यांना आठवेना. उत्तर आलं नाही की ते दोन क्षण थांबत, मान हलवत आणि समोरचा माणूस तिथं नाहीच असं समजून पुढच्या कामाला लागत. शिव्या परवडल्या असत्या. ती मान हलवणं मला आजही आठवतं आणि आजही माझ्या मानेवरची शीर तटतटते.

मी साताऱ्याची. एम.एस्सी. करून इथंच भूगर्भशास्त्र विभागात लागले तेव्हा विभाग म्हणजे सायकल स्टँडच्या मागच्या दोन खोल्या, दगडांनी वाकलेली लाकडी कपाटं आणि करांडे सर. उंच, हाडकुळे, कोपरं बाहेर आलेली. शर्टाच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं भिंग. चहा स्टीलच्या ग्लासात, तोही खिडकीशी उभं राहून, खोलीकडे पाठ करून. त्यांची एक सवय सगळ्या साताऱ्यात चेष्टेचा विषय होती : ते दगड चाटत. ओला केल्याशिवाय दगडाचे कण नीट दिसत नाहीत, हे कुठल्याही भूगर्भवाल्याला माहीत असतं. बाकीचे पाण्याची बाटली वापरतात. हे जीभ वापरत, आणि मग तो दगड तुमच्या हातात देत.

माझ्याही हातात दिला. पहिल्याच दिवशी. तांबड्या आणि पोलादी राखाडी पट्ट्यांचा, हात खाली जाईल इतका जड.

"सांगा."

"पट्टेदार लोहखनिज. कर्नाटकातलं असावं."

"कशावरून?"

"पट्ट्यांवरून."

"पट्टे वाघालाही असतात," ते म्हणाले आणि मान हलवली. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. वेळापत्रक मला शिपायाकडून कळायचं.

त्यांचा वर्ग मात्र मी खोलीबाहेर उभी राहून ऐकत असे. हे सांगायला मला आवडत नाही, पण शिकवण्याच्या बाबतीत आम्ही कुणीच त्यांच्या जवळपास नव्हतो. तोच पट्टेदार दगड टेबलावर ठेवून ते म्हणत, "हा दगड म्हणजे गंज आहे. एका समुद्राचा गंज." मग सांगत की पृथ्वी तरुण होती तेव्हा हवेत प्राणवायू नव्हता. समुद्राच्या तळाशी भेगांमधून उकळतं पाणी वर यायचं, त्यातून लोखंड विरघळून यायचं, आणि प्राणवायू नसल्यामुळं ते तसंच पाण्यात राहायचं. कोट्यवधी वर्षं. मग कुठल्याशा उथळ पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव उन्हावर जगायला शिकले आणि प्राणवायू बाहेर टाकू लागले. लोखंड गंजलं, तळाशी बसलं. थर लोखंडाचा, थर गारगोटीचा, पुन्हा लोखंडाचा. समुद्रातलं लोखंड संपत आलं तेव्हा प्राणवायू हवेत शिरला. "आणि तो तेव्हाच्या बहुतेक जीवांना विष होता," ते म्हणत. "तुमच्या घरातला तवा त्या विषबाधेतून आलाय. जेवताना आठवण ठेवा."

पोरं हसायची नाहीत. करांडे सरांच्या वर्गात कुणी हसत नसे.

ते मूळचे जतकडचे, सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचे. घर मेंढपाळांचं. वडील वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन बाहेर. साताऱ्यात नवीन लागले तेव्हा त्यांच्या पाठीमागं त्यांच्या जातीवरून, बोलण्यावरून काय काय बोललं जायचं, ते मी जुन्या लोकांकडून ऐकलंय. ज्यांनी सांगितलं ते सांगतानाही हसत होते. मग या माणसानं आपली गावची बोली कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवली आणि इतकं शुद्ध मराठी बोलायला लागला की ऐकणाऱ्याला टोचावं. राग जितका जास्त तितकी भाषा शुद्ध. भावाशी फोनवर बोलताना तेवढी ती बोली ऐकू यायची, "व्हय रं, मेंढरं कुठं बसवलीस? पानी हाय का?" आणि फोन ठेवला की पुन्हा तोच कोरा चेहरा. यामागची कारणं मला समजत होती. पण कारण समजलं म्हणून माणूस सुसह्य होत नाही.

माझा त्यांच्यावरचा खरा राग वैशालीपासून सुरू होतो.

वैशाली कोरेगाव तालुक्यातल्या एका गावची. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गावचे सरपंच, गावात त्यांच्या शब्दाला वजन. पोरगी हुशार, थोडी भित्री, पण दगडांचं मनापासून वेड असलेली. शेवटच्या वर्षाला असताना एका सोमवारी ती रुमालात काहीतरी बांधून आली. त्यांच्या गावात विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंग लावल्यावर काळ्या कातळात एक पोकळी निघाली, तिच्यात पांढऱ्या स्फटिकांच्या मधोमध पिवळेधमक, चौकोनी, चकाकणारे कण. गावात तोवर व्हिडिओ फिरला होता. पुण्याचा कुणी कंपनीवाला दोन वेळा येऊन गेला होता आणि डोंगरात तांबं आहे, सोन्याचाही अंश आहे, असं सांगत होता.

तिनं रुमाल टेबलावर सोडला. डोळ्यांत आनंद मावत नव्हता. "सर, आमच्या गावात निघालं."

सरांनी दगड चाटला. चिनी मातीच्या खरबरीत फरशीवर त्याची एक रेघ ओढली. रेघ काळी हिरवट उमटली.

"सोन्याची रेघ कुठली?"

"पिवळी, सर."

"ही?"

"काळी."

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही इथं काय केलंत, कुमारी? हे पायराइट आहे, लोखंड आणि गंधक. शाळेतल्या मुलाला कळतं. वडिलांना सांगा, देव्हाऱ्यात ठेवा आणि उदबत्ती लावा. त्यापलीकडे याचा उपयोग नाही."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. त्या वर्गात ऐकू आलेलं हे पहिलं हसू. वैशालीचा चेहरा पांढरा पडला. आणि मग, तिची मान खाली गेल्यानंतर, त्यांनी त्याच पायराइटवर अर्धा तास शिकवलं. मी दाराशी होते. कर्नाटकात अतिप्राचीन नद्यांच्या वाळूगोट्यांचे खडक आहेत, त्यांत पायराइटचे गोल घासलेले दाणे सापडतात, असं ते म्हणाले. आजच्या नदीत पायराइट टाकलं तर ते टिकत नाही, हवेनं पाण्यानं गंजून जातं. तेव्हा टिकलं. वाहत वाहत गोल होईपर्यंत टिकलं. म्हणजे त्या नद्यांवरच्या हवेत प्राणवायू नव्हता. "सोनं आपल्याला असलं काही सांगत नाही," ते म्हणाले. "सोनं कुठल्याही हवेत तसंच राहतं. हवा कशी होती ते गंजणारा दगड सांगतो. मला विचाराल तर मी हाच घेईन." आणि तो दगड त्यांनी हलक्या हातानं, जवळजवळ प्रेमानं, पुन्हा तिच्या रुमालावर ठेवला.

तिला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ती बाकाखाली ओढणीनं डोळे पुसत होती.

मी नंतर त्यांना गाठलं. म्हटलं, "सर, हेच आधी सांगितलं असतं तर?"

"क्रम महत्त्वाचा आहे का?"

"माणसांच्या बाबतीत असतो."

"मी भूगर्भशास्त्र शिकवतो," ते म्हणाले, आणि मान हलवली.

पुढच्या महिन्यात प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. वैशालीच्या गावात ग्रामसभा होती. कंपनीला डोंगर भाड्यानं द्यायचा की नाही ते ठरायचं होतं, आणि कॉलेजच्या तज्ज्ञांनी येऊन मत द्यावं असं सुभेदारांचं पत्र आलं होतं. सुभेदार संस्थेच्या संचालकांच्या जवळचे. प्राचार्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "फार खोलात जाऊ नका. 'शक्यता नाकारता येत नाही' एवढं म्हणा. सगळे खूश."

सर काही बोलले नाहीत. मला ते लक्षण चांगलं वाटलं. माझी चूक.

रविवारी सकाळी माझ्या गाडीतून गेलो. सभेआधी त्यांनी डोंगर बघायचा हट्ट धरला. तासभर ते पुढं आणि मी धापा टाकत मागं. डोंगर म्हणजे मोठा नव्हे. गावाच्या पाठीशी टेकलेला काळ्या कातळाचा उंचवटा, मधल्या टप्प्यावर झरा, झऱ्याला दगडी कुंड, वर गुरांची चराई. कंपनीनं चाचणीसाठी खड्डे घेतले होते. सरांनी ते एकेक करून पाहिले, मग विहिरीकडे बघितलं, मग रस्त्याकडे. तिथं, कुणी ऐकायला नसताना, ते माझ्याशी सरळ बोलले.

"मॅडम, पिवळा दगड कुठं निघाला?"

"विहिरीत. तिकडं, गावाच्या पलीकडं."

"आणि ह्यानं खड्डे कुठं घेतलेत? रस्त्याच्या कडंला, जिथं कातळ सगळ्यात सलग आणि टणक हाय तिथं. सोनं शोधणारा विहिरीजवळ खणंल. ह्याला सोनं नको, ह्याला खडी पाहिजे. हायवेचं काम चाललंय. इथं क्रशर बसणार."

ते खरं होतं. बघितल्यावर इतकं उघड होतं, की आपल्याला का दिसलं नाही याची लाज वाटावी. आणि मला वाटलं, हेच, असंच, या आवाजात देवळातल्या सभेत बोलले की काम झालं.

भैरोबाच्या देवळाच्या मंडपात गाव जमलं होतं. पुढं फौजेतून परतलेली माणसं ताठ बसलेली, मागं बायका, खांबाला टेकून वैशाली. पुण्याचे साहेब पांढरे बूट घालून, हातात रंगीत नकाशा. सुभेदारांनी सरांना नारळ दिला, शाल घातली, "सर, आमच्या पोरीचे गुरुजी तुमी. बोला," म्हणाले.

सर उभे राहिले. शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"या गावात इतके निवृत्त सैनिक आहेत," त्यांनी सुरुवात केली, आणि ते शुद्ध मराठी ऐकून मी ओळखलं, यांना राग चढलाय. "शत्रू कोणत्या दिशेने येतो एवढे तरी त्यांना ओळखता येत असावे, असा माझा समज होता. तो चुकीचा ठरला."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तरीही पुढची काही मिनिटं त्यांनी जे सांगितलं ते लोकांनी ऐकलं, हे मला मान्य केलं पाहिजे. धातू सगळीकडे असतो, म्हणाले. तुमच्या पायाखालच्या काळ्या दगडात लोखंड आहे, तांब्याचाही अंश आहे. समुद्रात मीठ असतं म्हणून कुणी समुद्राला मिठाचं पोतं म्हणत नाही. मीठ गोळा व्हायला मिठागर लागतं. धातू गोळा व्हायला जमिनीत खोलवर उष्णता लागते, भेगा लागतात, त्यांतून धातू वाहून आणणारं गरम पाणी लागतं, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा घडायला लागणारा काळ. कर्नाटकातल्या जुन्या खडकांना तो मिळाला. तसलाच जुना खडक तुमच्याही खाली आहे, पण किलोमीटरभर खाली, लाव्हाच्या थरांनी झाकलेला. तुमचा डोंगर पृथ्वीच्या मानानं कालचा आहे. लाव्हा आला, पसरला, थंड झाला. धातू गोळा व्हायला सवड मिळाली नाही.

मागून एका म्हातारीनं विचारलं, "मग आमच्या डोंगरात हाय तरी काय म्हनायचं?"

डोंगरावर झरा होता. चराई होती. उत्तर तयार होतं.

"दगड," सर म्हणाले.

दोघं-तिघं हसले, ते पुण्याच्या साहेबांच्या बाजूचे. म्हातारी खाली बसली. सुभेदारांचा चेहरा आवळला, पण ते सबुरीनं बोलले, "सर, आमी शिकल्याली मान्सं न्हाई. जरा समजुतीनं सांगा. ह्यात गावाचं नुसकान काय?"

"समजूत ज्याची त्याने घरून आणायची असते, सुभेदार. ती मी देऊ शकत नाही."

"आवं, पर ह्ये तुमी—"

"तुमच्या मुलीला विचारा. तिला मी तीन वर्षे शिकवले आहे. तिलाही कळलेले नाही, पण तुमच्यापेक्षा बरे."

सगळा गाव वळून वैशालीकडे बघायला लागला. ती खांबामागं सरकली. सुभेदार उभे राहिले. इतका वेळ धरून ठेवलेलं सुटलं. "मेंढरांमागनं हिंडनारी जात तुमची," ते ओरडले, "आन आमच्या देवळात हुबं ऱ्हाऊन आमच्या लेकीला बोलतोस व्हय रं?"

पुढचं सगळं गोंधळात झालं. कुणीतरी सरांची कॉलर धरली. चष्मा पडला, त्यावर पाय पडला. क्रशरचं, रस्त्याचं, खड्ड्यांचं सांगायचं राहूनच गेलं. मी ओरडून सांगायचा प्रयत्न केला, "अहो ऐका, त्याला खडी पाहिजे," पण आता कॉलेजवाल्यांचं कुणी ऐकत नव्हतं. पुण्याचे साहेब मधे पडून लोकांना शांत करत होते. तेच तिथं सगळ्यात सभ्य दिसत होते. आम्ही गाडीत बसलो तेव्हा मागची काच फुटली आणि एक धोंडा सीटवर येऊन पडला. फाट्यावर येईपर्यंत मी वेग कमी केला नाही. सरांनी मागं वळून तो धोंडा उचलला, फुटक्या चष्म्यातून पाहिला.

"बेसाल्ट," म्हणाले.

मी गाडी थांबवली आणि त्यांना म्हटलं, "सर, उतरा." ते उतरले. मी त्यांना कोरेगावच्या रस्त्यावर सोडून साताऱ्याला आले. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही, आणि मलाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आठवड्याभरात गावानं हात वर करून डोंगर दिला. वैशालीनं घरी वडिलांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. रस्त्याजवळचे खड्डे दाखवले, काळी रेघ ओढून दाखवली. सुभेदार म्हणाले, "त्या मान्साची वकिली माझ्या घरात करायची न्हाई. तो न्हाई म्हनतोय म्हंजी हाय." गावातल्या बऱ्याच जणांनी याच रागानं हात वर केला, असं ती सांगत होती. सोन्यावर विश्वास ठेवणारे त्यांत थोडेच होते.

पावसाळा सरला आणि क्रशर आला. तांब्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुण्याच्या साहेबांचा फोन लागेना. रोज दुपारी भोंगा वाजायचा आणि सुरुंग उडायचा. ज्वारीवर पांढरी धूळ बसली, घरांच्या भिंतींना चिरा गेल्या. मग झरा आटला. डोंगर कसा खाली येतोय ते रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.तूनही दिसायचं.

वैशाली त्या दिवसांत माझ्या घरी आली होती. तिनं पुढं शिकणं सोडलं होतं. मी म्हटलं, तुझ्या सरांचं म्हणणं शेवटी खरं निघालं. ती एकदम तापली. "मॅडम, तेच तर सहन होत नाही मला. ते चुकले असते ना, तर मी कधीच विसरून गेले असते. त्या माणसाला डोंगर वाचवायचा नव्हता. त्यांना फक्त बरोबर असायचं होतं."

याहून नेमकं त्यांच्याबद्दल कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

तिनंच मला पुढची गोष्ट सांगितली. एका सकाळी सर एकटेच एस.टी.नं गावात आले. फाट्यावर उतरून चालत. पोरांनी ओळखलं, मागं लागली, एकानं शेण फेकलं. ते सुभेदारांच्या दारात जाऊन उभे राहिले. सुभेदार ओट्यावर बसले होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. सर कडेला टेकले.

मग म्हणाले, "सुभेदार, दगडाचं मी खरं बोललो. मान्सांचं माझं चुकलं."

"डोंगर गेला, सर. आता बोलून काय हुतंय?"

"कलेक्टरकडं जाऊ. मी येतो संगं. काय लागंल ते लिहून देतो."

"गावानं सही केली हाय. हात वर करून. तुमच्या नाकावर टिच्चून केली हाय." सुभेदार हसले म्हणे, पण ते हसू बघवत नव्हतं. "आता कुनाच्या तोंडानं जायाचं?"

त्यांनी पाणी विचारलं नाही. सरांनी मागितलं नाही. दोघं तसेच बसून राहिले. दुपारी भोंगा वाजला, सुरुंग उडाला, फडताळातली भांडी खणखणली आणि छपरातून माती दोघांच्याही अंगावर पडली. कुणीच झटकली नाही. मग सर उठले आणि गेले. वैशाली आत दाराआड उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. "मला वाटलं होतं बोलतील," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पुन्हा कडक झाला. "नाही बोलले."

मी सरांना विचारलं तेव्हा ते खिडकीशी चहा घेत होते.

"गावात गेला होतात म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"वैशालीनं."

"मग तिलाच विचारा," ते म्हणाले. वळलेसुद्धा नाहीत.

निवृत्तीनंतर ते जतकडं भावाकडे राहायला गेले. विभाग माझ्याकडे आला. कपाटं मी रंगवून घेतली, खोलीत खुर्च्या वाढवल्या. मुलं आता वर्गात हसतात. अधूनमधून विषय चालू असताना मला जाणवतं की हे ते माझ्यापेक्षा चांगलं सांगायचे, आणि त्या दिवशी घरी गेल्यावरही माझी चिडचिड होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन कर्नाटकातल्या लोहखनिजाच्या पट्ट्याकडे निघालो होतो. जत मागं टाकलं आणि एका फाट्यावर रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून एक म्हातारा उभा दिसला. ड्रायव्हरनं शिवी हासडत ब्रेक लावला. करांडे सर. अंगात पांढरा सदरा, डोक्याला मफलर, आणखी वाळलेले. कॉलेजच्या क्लार्कला फोन करून त्यांनी सहलीची तारीख काढून घेतली होती. आत चढले, माझ्याकडे पाहिलं, नमस्कार वगैरे काही नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "चला." मी शेजारच्या सीटवरची पर्स उचलली. ते बसले.

विजापूरच्या बरंच पुढं, अलमट्टी जवळ येत असताना, त्यांनी काठी आपटून बस थांबवली. "उतरा सगळे." पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली. साताऱ्यापासून सोबत आलेली काळी जमीन तिथं संपत होती. पुढं तांबूस, खरबरीत माती आणि माळावर गोल गरगरीत धोंडे. सर त्या मातीत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की इथवर तुम्ही लाव्हावरून आलात. आता त्याच्या खालचं जे आहे ते उघडं पडलंय, ही पृथ्वीची जुनी जमीन, हिच्यात सोनं आहे, लोखंड आहे. आवाज बारीक झाला होता, पण पोरं गप्प झाली.

"काय दिसतंय?" त्यांनी समोरच्या मुलीला विचारलं. पहिल्या वर्षाची, नवीन पोरगी.

"लाल माती, सर. लॅटराइट? जांभा दगड?"

साफ चूक. सरांचं तोंड उघडलं. ते तोंड मी ओळखत होते. आता काय येणार ते ओळखून मी एक पाऊल पुढं झाले. पण ते तोंड मिटलं. ते गुडघ्यावर हात ठेवून कष्टानं वाकले, मूठभर माती उचलली आणि तिच्या ओंजळीत ओतली.

"परत बघ, बाळ," म्हणाले. "घाई न्हाई."

तिनं भिंग लावलं. "चमकतंय. पांढरं, गुलाबी... ग्रॅनाइट?"

"व्हय," सर म्हणाले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला नाही. माझ्या कानशिलांपर्यंत राग चढला. मुलं बसकडे वळल्यावर मी त्यांना गाठलं. "सर, हे येत होतं तुम्हाला? मग त्या देवळात का नाही बोललात असं? त्या म्हातारीशी? वैशालीशी?"

ते त्या गोल धोंड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं मान हलवतील.

"तवा मी बरोबर होतो ना," ते म्हणाले.

ते पुढं आले नाहीत. परत जाणारी एखादी गाडी मिळेल म्हणाले. बस निघाली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. एक ट्रक येत होता आणि ते रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याला हात करत होते. ट्रक थांबला नाही. त्यांनी हात खाली घेतला, डोळ्यांतली धूळ पुसली आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा वर केला.